अंबाडीचं दावं

१

कोसमटोल्याचा नाका म्हणजे रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू, त्या बांबूच्या टोकाला बांधलेला एक दगड आणि या दोघांची काळजी वाहणारे गुणवंतराव नाकेदार. धानोऱ्याकडून लाकूड, बांबू, हिरडा, डिंक भरून गाड्या यायच्या. गुणवंतराव परवाना बघायचे, शिक्का मारायचे आणि बांबू वर करायचे. उजाडताच चौकीवर हजर व्हायचं आणि दिवेलागणीनंतर घरी परतायचं, हा त्यांचा शिरस्ता. चांद्याहून साहेब वर्षातून एकदा यायचा, तेवढाच काय तो बदल.

अशा नोकरीत माणसाला एखादा नाद लागला नाही तरच नवल. कुणी गांजा ओढतो, कुणी पत्ते कुटतो. गुणवंतरावांना घंट्यांचा नाद लागला. देवळातल्या नव्हेत, गुरांच्या गळ्यातल्या. एका गाडीवानाच्या बैलाची शिवणीच्या लाकडाची घंटी त्यांच्या कानाला अशी काही गोड लागली, की परवाना बाजूला ठेवून त्यांनी आधी ती विकत घेतली. मग दुसरी घेतली. मग लोक आपणहून आणून दाखवू लागले. कुणाची पितळी, कुणाची बांबूच्या पेराची, कुणाच्या आजोबांच्या वेळची. जंगलात गाय दिसत नाही, तिची घंटी ऐकू येते. गावची गुरं राखणारा गायकी आवाजावरूनच जनावर ओळखतो. ही गोष्ट गुणवंतराव नव्या माणसाला अशा थाटात सांगायचे, जसा काही हा शोध त्यांनीच लावला होता. चौकीच्या आतल्या खोलीत आढ्याला दोऱ्या बांधून त्यांनी चाळीसेक घंट्या टांगल्या होत्या.

घरी मात्र यातली एकही घंटी नव्हती आणि घंट्यांचा विषयही नव्हता. पगार हातात येईपर्यंत हलका कसा होतो, याची दरमहा नवी कारणं त्यांच्याकडे तयार असत. त्यांची बायको देवका ती ऐकून घ्यायची. देवका विश्वास ठेवणारी होती, भाबडी नव्हती, आणि गुणवंतराव या दोन गोष्टींत नेहमी गल्लत करायचे.

त्यांना एकच लेक, कमळी. दोन वर्षं उलटली तरी ती पाय टाकेना. काटकुळे हात, मोठाले डोळे, कुठं बसवली तर तिथंच बसून राहायची. गाईचं दूध द्या, असं वैद्य म्हणाला. पण शेजारच्या सुगंधाबाईची गाय आटलेली आणि गावात दुसऱ्या कुणाकडे द्यायला दूध नव्हतं. तेव्हा देवकानं आईनं दिलेले चांदीचे गोठ हातातून उतरवले आणि मोडले. आलेले पैसे तिनं फडक्यात बांधून नवऱ्याच्या हाती ठेवले, आणि त्यावर नवंकोरं दावं ठेवलं. विकणारा जनावर देतो, दावं देत नाही; ते घेणाऱ्यानं आपलं न्यावं लागतं. देवकानं चार दिवस बसून ते अंबाडीच्या वाकाचं वळलं होतं.

"पाय पाहून घ्या, अन् कास पाहून घ्या," ती म्हणाली. "रंग कसाबी चालते."

२

गुणवंतराव बाजाराला गेले ते गाय घ्यायलाच गेले. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. एक तांबूस गाय त्यांनी हेरलीही होती. दात पाहिले, कास पाहिली, मालकाशी घासाघीस सुरू झाली, आणि तेवढ्यात मागं कुठंतरी घंटी वाजली.

एकदाच वाजली. बाजाराच्या कडेला मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता. त्याच्यापुढं जनावर नव्हतं. मांडीवर काळी पडलेली एक लाकडी घंटी होती आणि तिच्या तोंडातून काढलेलं गवत त्यानं मुठीत धरलं होतं. तो आवाज गुणवंतरावांच्या कानात शिरला तो थेट पोटात जाऊन बसला. इतक्या वर्षांत असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. लांबून यावा तसा तो येत होता आणि घंटी तर हाताच्या अंतरावर होती.

"काय घेशीन, बुवा?"

"गाईचे पैसे घेतो."

"गाईचे नाई, घंटीचे सांग."

"घंटीचे कोन घेते जी?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मी गाय इकून राह्यलो. दावं आनलं?"

म्हातारा भ्रमिष्ट आहे, असं गुणवंतरावांनी ठरवलं आणि ते तिथून निघाले. बाजाराला त्यांनी तीन फेऱ्या घातल्या. तांबूस गाय तिथंच उभी होती, मालक हाक मारत होता. पण डोक्यात दुसराच हिशेब चालू होता: गाय काय, पुढच्या बाजारालाही मिळेल, कुठून तरी पैसे उभे करता येतील, ही घंटी मात्र पुन्हा दिसायची नाही. नादी माणसाला अशी कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपणहून रांग लावतात. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी देवकाचं फडकं सोडलं.

म्हाताऱ्यानं पैसे न पाहताच घेतले. वाजू नये म्हणून घंटीच्या तोंडात पुन्हा गवत कोंबलं, ती अंबाडीच्या दाव्याला बांधली आणि दाव्याचं टोक गुणवंतरावांच्या हातात दिलं. मग तो उठला आणि समोरच्या मोकळ्या जागेत, कमरेच्या वर, त्यानं सावकाश हात फिरवला. विकलेल्या जनावराच्या पाठीवरून माणूस शेवटचा हात फिरवतो, तसा.

"गरीब हाये," तो म्हणाला. "लेकराले लय जीव लावते."

लेकराचं याला कुणी सांगितलं, हा प्रश्न गुणवंतरावांना अर्ध्या वाटेवर पडला. बाजारात गाय घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी लेकरू असतंच, असं उत्तरही त्यांनीच दिलं आणि ते पुढं चालू लागले.

३

घरी त्यांनी सांगितलं ते असं: गाय ठरवली, पैसे दिले, दावंही देऊन आलो, माणूस दोन-चार दिवसांत आणून सोडेल. देवकानं गाईचा रंग विचारला. गुणवंतराव म्हणाले, "काळी."

घंटी त्यांनी वाटेतच चौकीत टांगली होती, दाव्यासकट. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या थांबल्यावर त्यांनी तिच्या तोंडातलं गवत ओढून काढलं आणि जीव भरेपर्यंत ती वाजवली. नंतर देवकाचं फडकं आठवलं. देवकाला आजच सांगून टाकू, असं मनाशी म्हणाले. मग उद्या सांगू, असं म्हणाले.

संध्याकाळी गुरं परतली. धूळ उडवत ती नाक्यावरून गावाकडे गेली, त्यांच्या घंट्यांचा गलका विरला आणि सगळं शांत झालं. तेव्हा गावाच्या बाजूनं एकच घंटी वाजली. लांबून यावी तशी. गुणवंतरावांनी तो आवाज पहिल्या ठोक्याला ओळखला. दिवसभर तेच वाजवत बसलो म्हणून कानात राहिला असेल, अशी समजूत घालून त्यांनी चौकी बंद केली.

घराच्या दारात देवका उभी होती. कित्येक महिन्यांत त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आली जी!" ती म्हणाली. "मानूस काई दिसला नाई. मी चूल पेटवून राह्यली होती, तं घंटी वाजली. पायतो तं कोठ्यात येऊन उभी! मायंच दावं गळ्यात. माई गाठ मले ओळखू नाई येत का?"

चुलीवर दूध तापत होतं. कमळीच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ होती.

४

आता गुणवंतरावांसारख्या माणसानं अशा वेळी काय करावं? खरं सांगावं, तर बायकोच्या तोंडावरचं हसू जाणार. न सांगावं, तर सगळंच आपोआप जमून आलेलं. रात्रभर त्यांनी डोकं खाजवलं आणि पहाटेपर्यंत एक बिनतोड उत्तर तयार झालं. म्हातारा भ्रमिष्ट नव्हता. तो खरंच गाय विकत होता. गाय कुठंतरी चरत असेल, घंटी त्यानं नमुन्याला दाखवली. मग चौकीवरून दावं नेलं आणि गाय आणून सोडली. चौकीला कुलूप नव्हतंच. उजाडल्यावर त्यांनी आत जाऊन पाहिलं. दावं नव्हतं. घंटी होती.

मग गाईच्या गळ्यात कुठली घंटी वाजली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. म्हाताऱ्याकडे दोन असतील.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते कंदील घेऊन अंगणापलीकडच्या गुरांच्या कोठ्याकडे निघाले. देवकानं त्यांना मधेच अडवलं.

"उजेड नका नेऊ. बुजते. नवी हाये ना! मी बी अंधारातच धार काढतो. अन् उजाडायच्या आत चरायले निघून जाते."

ते कोठ्याच्या दाराशी नुसते उभे राहिले. आत काळोख होता. काळोखात श्वास होता, मोठा आणि संथ. कोपऱ्यात काहीतरी उभं होतं, एवढं कळत होतं. आपण आणखी एक पाऊल आत टाकावं, असं त्यांना वाटलं. टाकलं नाही. बघून काय करायचंय, आहे ना गाय, असं म्हणून ते जेवायला बसले.

कमळी भराभर सुधारू लागली. चौथ्या दिवशी तिच्या गालावर मांस दिसलं. सहाव्या दिवशी ती भिंत धरून उभी राहिली. देवका कामं करता करता गाणं गुणगुणू लागली. गुणवंतराव मात्र ते दूध चहात घेत नसत. का घेत नसत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सातव्या दिवशी देवका अंगण सारवत होती. बाजूला शेणाची पाटी होती.

"सुगंधाबाईनं देल्लं," ती सहज म्हणाली. "आपल्या गाईचं शेणच नाई सापडत. कोठा पाहावं तं झाडल्यासारखा. कडबाबी तसाच पडून हाये."

"रानात चरून येत असंल."

"शेण बी रानातच टाकून येते का मंग?" देवका हसली आणि पुन्हा सारवू लागली. गुणवंतरावांना हसू आलं नाही.

५

आठव्या दिवशी गावचा गायकी झाडू तंबाखू मागायला नाक्यावर थांबला.

"का गा झाडू, आमची गाय तरास तं नाई देत ना?" गुणवंतरावांनी विचारलं. आवाज सहज राहावा म्हणून त्यांना बरीच खटपट करावी लागली.

झाडूनं तळहातावरची तंबाखू तशीच धरली. "तुमची कोनती गाय, नाकेदार भाऊ?"

"काळी. आठ दिवस झाले."

"मायाजवळ तं नाई." झाडूनं रानाकडे पाहिलं. "रोज सांजच्याले एक घंटी मागं ऐकू येते. मले वाटे कोनाची चुकली असंल. दोनदा परत फिरून पायलं. गुरं नाई थांबत मंग. पळतेत घराकडं." तंबाखू न मळताच तो निघून गेला.

त्या संध्याकाळी गुणवंतराव आतल्या खोलीत घंटीपुढं उभे राहिले. गुरं गेली. धूळ बसली. गावाकडून तो आवाज आला. त्यांनी हात वर करून घंटी हलवली. आतली लाकडी जीभ इकडून तिकडे आपटली, डोळ्यांदेखत आपटली, आणि काहीही वाजलं नाही. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून जोरानं हलवली. खोलीत चिडीचूप होतं. गावाकडे, त्यांच्या घराच्या अंगाला, ती तालात वाजत होती आणि चालता चालता कोठ्याशी थांबली.

गुणवंतराव पळत सुटले. आज सांगायचंच, वाटेतच शब्द जुळवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. दारात पोचले तो कमळी ओसरीवर उभी. भिंत न धरता. तिनं बापाकडे पाहिलं आणि चार पावलं टाकून त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली. मागं देवका तोंडाला पदर लावून रडत होती, हसत होती.

"पायलं का जी?" ती म्हणाली. "पायलं का? मायचे गोठ कामी आले."

अशा वेळी कुठला माणूस खरं सांगेल? तेवढी एक संध्याकाळ गुणवंतरावांनी जाऊ दिली. त्या संध्याकाळी कमळी वाटीभर दूध जास्तच प्यायली.

६

नवव्या दिवशी दुपारीच नाका सोडून ते घरी आले. पाठीवर पोतं होतं. ओसरीवर त्यांनी ते उपडं केलं. चाळीस घंट्या खळखळत देवकाच्या पायाशी पडल्या. कमळी टाळ्या पिटू लागली.

"हे काय होय?"

"माया नाद," गुणवंतराव म्हणाले, आणि मग थांबले नाहीत. पहिल्या घंटीपासून सांगितलं. दर महिन्याची खोटी कारणं सांगितली. बाजार सांगितला. गोठांचे पैसे कुठं गेले ते सांगताना त्यांनी ती काळी घंटी वेगळी काढून तिच्यापुढं ठेवली. "देवका, मी गाय घेतलीच नाई."

देवकाला ओरडायचं होतं. तिच्या मनगटावर गोठांच्या जागी अजून फिकट पट्टा होता. तो ती चोळत होती.

"मायच्या हातचे होते ते," ती म्हणाली. "मले इचारलं असतं तं एखादी घंटी मीच घेऊन देल्ली असती तुमाले." आणि मग तिचा हात मनगटावरच थांबला. "मंग आठ दिवसांपासून मी कोनाचं दूध काढून राह्यली?"

दोघांनीही कमळीकडे पाहिलं.

देवका तिला उचलून घरात गेली. त्यांनी दार लावलं, अडसर घातला, आणि दिवस मावळायची वाट बघत दोघं चुलीजवळ बसून राहिले. गुरं आली आणि गेली. सुगंधाबाईची गाय तिच्या कोठ्यात शिरल्याचं ऐकू आलं. मग ती घंटी आली. कोठ्याशी थांबली. रोजच्यासारखी. बराच वेळ काही झालं नाही. देवकाच्या छातीवर पान्हा फुटावा तशी ओल आली. तिची पोर दूध सोडून वर्ष झालं होतं. तिनं पदर ओढून घेतला.

घंटी कोठ्यातून निघाली आणि अंगण ओलांडून दाराशी आली.

"तुमी सांगा," देवका कुजबुजली. "सौदा तुमी केला. दावं तुमी धरलं."

गुणवंतराव दारापाशी गेले. फळ्यांमधल्या फटीला त्यांनी डोळा लावला. बाहेर अजून उजेड होता. दारासमोर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, अंबाडीचं दावं होतं. त्याचा फास सैल लोंबत नव्हता. एखाद्या गळ्याभोवती असावा तसा गोल आणि भरलेला होता. आणि त्या फासातून पलीकडे सुगंधाबाईच्या चुलीचा जाळ दिसत होता.

"मी गाय नाई घेतली!" ते ओरडले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "घंटी घेतली होती! नुसती घंटी! आमची नाई तू. जाय!"

दाराच्या फळीवर आतपर्यंत कळेल असा उबदार श्वास आला. मग काहीतरी मऊपणे खाली पडलं. घंटी वळली. अंगणातून, गल्लीतून, गावची गुरं जमतात त्या आखराच्या पलीकडे, जंगलाच्या दिशेनं ती वाजत गेली. गुणवंतराव भिंतीला टेकून खाली बसले. सुटलो, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कमळी आईच्या मांडीवरून उतरली.

ती नीट, न अडखळता चालत दारापर्यंत गेली आणि अडसराला डोकं लावून ढकलू लागली.

७

सकाळी उंबऱ्याबाहेर दावं पडलेलं मिळालं. फासाची गाठ सोडलेली नव्हती.

गुणवंतरावांनी काळी घंटी बाजारात नेली. मोहाखाली कुणी नव्हतं. म्हाताऱ्याला ओळखणारंही कुणी भेटलं नाही. ती त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि मागं न बघता परत आले. बाकीच्या सगळ्या घंट्या ज्या त्या गाडीवानांना फुकट वाटून टाकल्या. नाक्यावरची आतली खोली आता रिकामी आहे. देवका त्यांच्याशी बोलते, जेवायला वाढते. घंट्यांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. एकदाच, भाकरी थापताना, ती म्हणाली, "पह्यल्या दिवशीच सांगतलं असतं तं तिनं एक घोटबी नसता पेला."

कमळी आता चांगली धावते. गाल भरलेत. दिवसभर ती इतर लेकरांसारखीच खेळते, हट्ट करते, मातीत लोळते. पण गुरं परतायची वेळ झाली की ती हातातलं टाकून देते आणि जंगलाच्या बाजूला तोंड करून उभी राहते. म्हणून गुणवंतराव रोज त्याआधीच घरी येतात. दार लावतात. देवका अंबाडीचं दावं काढते आणि लेकीच्या कमरेला बांधते.

"धरा," ती म्हणते आणि दुसरं टोक त्यांच्या हातात देते.

गुरांच्या घंट्या जातात. मग ती एक घंटी येते, लांबून, आखरापलीकडून. गावात ती येत नाही. तिकडेच उभी राहून वाजते. दावं ताठ होतं. एवढीशी पोर, पण गुणवंतरावांना दोन्ही टाचा जमिनीत रोवून धरावं लागतं. कमळी रडत नाही. ती जो आवाज काढते त्याला घरातल्या दोघांनी अजून नाव दिलेलं नाही. पण पलीकडच्या कोठ्यातून सुगंधाबाईची गाय त्या आवाजाला रोज ओ देते.